डाग झाकायला गडद बेज? सांगलीतल्या एका जुन्या घराचं रंगकाम

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातलं हे जुनं घर. एका अंगाला शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत, दुसऱ्या अंगाला जेमतेम तीन फुटांचा बोळ. पुढे बैठकीची खोली, दोन पायऱ्या चढून माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परस. विटांचं चुन्यातलं बांधकाम, दीड फूट जाडीच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत. उजेड येतो तो पुढच्या दोन खिडक्यांतून आणि परसाच्या दारातून. माजघराला खिडकीच नाही. माडीवर पश्चिमेची एक खोली आहे, ती नातवाची.

घरात आजी, त्यांचा मुलगा (याला सगळे आप्पा म्हणतात), वहिनी आणि पुण्याला नोकरी करणारा नातू. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. नातवाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि गणपती उठल्यावर घर रंगवायचा विषय निघाला. त्याने फोनवर एक फोटो जपून ठेवला होता: चारही भिंती गडद बेज, पांढरे पडदे, लाकडी कपाट, कोपऱ्यात पिवळसर दिवा. सगळं घर असंच करायचं, हा त्याचा आग्रह. आप्पांनाही रंग पसंत पडला, पण कारण निराळं होतं. "क्रीमवर दरवर्षी डाग उठतात. हा गडद आहे, डाग दिसायचे नाहीत." आजींचं म्हणणं मात्र ठाम: "मातकट नको. लग्नघर कसं उजळ दिसलं पाहिजे."

सल्ल्यासाठी मला बोलावलं तेव्हा शेडकार्डावर खूणही करून ठेवली होती. घर मात्र अजून कुणी नीट पाहिलं नव्हतं.

अडचण

बैठकीत बोळाच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत फुगलेली होती. रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली पुट्टीची पूड, आणि नखाने खरवडलं की पांढरी, खारट भुकटी. आपल्याकडे याला लोणा लागला म्हणतात. घरच्यांचं निदान पक्कं होतं: पुराची ओल. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर या घराने पाहिलेत. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या वेळी बैठकीत छातीएवढं पाणी होतं आणि माजघरात त्याहून दोन पायऱ्या कमी. त्यामुळे पुराला दोष देणं अगदीच साहजिक होतं.

पण पुराचं पाणी दोन्ही खोल्यांत शिरलं होतं, आणि माजघराची भिंत खडखडीत कोरडी होती. तिथला जुना ऑईल पेंट काळवंडला होता, पण फुगलेला कुठेही नव्हता. मग बैठकीलाच दरवर्षी ओल का?

याचा छडा लावायला फार सामान लागत नाही. हातभर जाड प्लॅस्टिक भिंतीला लावायचं, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला साचलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला थेंब धरले तर हवेतला दमटपणा भिंतीवर उतरतोय. बैठकीतल्या बोळाकडच्या भिंतीवर आतून थेंब धरले होते. समोरच्या भिंतीवर आणि माजघरात प्लॅस्टिक कोरडं निघालं.

मग बोळात उतरून पाहिलं. गेल्या काही वर्षांत बोळाला काँक्रीटचे थर चढत गेले होते आणि त्याची पातळी बैठकीच्या फरशीच्या वर गेली होती. पत्र्याच्या पन्हळीचा पाइप नेमका भिंतीच्या पायाशी सुटत होता. म्हणजे पुराने भिंतीत क्षार सोडले होते आणि दर पावसाळ्यात बोळातलं पाणी त्यांना पुन्हा वर खेचत होतं. त्यात २०१९ नंतर कुणीतरी घाईने सिमेंटचा गिलावा आणि सिमेंटची पुट्टी चढवली होती. चुन्यातली वीट श्वास घेते, तिच्यातली ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंटचा थर ती अडवतो, मग ओल वाट शोधत आणखी वर चढते. गुडघ्यापर्यंतचा डाग कमरेला आला होता तो यामुळेच.

आप्पांचा सगळा हिशेब गडद रंग डाग झाकेल या समजुतीवर उभा होता. मळ, हाताचे ठसे, धूर यांच्याबाबतीत तो बरोबर आहे. ओलीच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. लोणा पांढरा असतो. क्रीम भिंतीवर क्षार फुटले तर फक्त पिवळट कड दिसते, पांढरी भुकटी रंगात मिसळून जाते. तीच भुकटी गडद बेजवर सांडलेल्या पिठासारखी दारातूनच दिसते. जी भिंत झाकायची म्हणून हा रंग घ्यायचा, तीच त्याने उघडी पडली असती.

हे पटवून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं गेलं. पुठ्ठ्याचा एक तुकडा आप्पांनी निवडलेल्या शेडने रंगवला, वाळल्यावर त्याच भिंतीवरची चिमूटभर भुकटी त्यावर पसरली आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. आप्पा दारापर्यंत गेले, वळून पाहिलं आणि म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांगा."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ठेकेदाराने सुचवलेला: भिंत घासायची, ओल रोखणारं रसायन दोन हात मारायचं, वर पुट्टी आणि गडद बेज. लग्नापर्यंत सहज निभलं असतं. पुढच्या पावसाळ्यात तोच थर पापुद्र्यासह सुटला असता, कारण पाणी भिंतीच्या आत होतं आणि रसायन बाहेरून लागणार होतं.

दुसरा, कमरेपर्यंत टाइल्स किंवा पीव्हीसीचे पॅनेल. सांगलीत पुरानंतर अनेक घरांनी हे केलं आहे. पूर ओसरल्यावर धुऊन काढायला ते सोयीचं पडतं, हे मान्य करायला हवं. पण या भिंतीत ओल आतून येत होती. पॅनेलच्या मागे ती कोंडली असती, बुरशी धरली असती आणि वरच्या कडेतून बाहेर आली असती. नव्या बांधकामात हा पर्याय ठीक आहे, चुन्याच्या भिंतीला नाही.

तिसरा, सिमेंटचा गिलावा उतरवायचा, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळवायची आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा. काम खात्रीचं, पण लग्नाच्या तारखेत बसणारं नाही. लग्नघरात उघड्या विटा कोण ठेवील? वहिनींनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्याकडे घरी येणाऱ्या पाहुण्यांची यादी होती, आणि तो प्रश्न रास्तच होता.

चौथा पर्याय बोलता बोलता पुढे आला: घराचे दोन भाग करायचे. कोरड्या भिंतींचं रंगकाम लग्नाआधी, ओल्या भिंतीचं खरं काम फेब्रुवारी ते मे. लग्नापुरतं बैठकीत फुगलेला रंग आणि पुट्टी खरवडून, कोरड्या ब्रशने क्षार झाडून चुन्याचा हात द्यायचा. चुना ओल कोंडत नाही, पापुद्रे धरत नाही, आणि उन्हाळ्यात गिलाव्याबरोबर तो निघून गेला तरी फार पैसे वाया जात नाहीत.

इथे निर्णय रंगाचा राहिला नव्हता, कुठल्या भिंतीला तो द्यायचा याचा होता. गडद बेज जाईल तर कोरड्या भिंतीवर, म्हणजे माजघरात. नातवाच्या फोटोतली खोली बैठकीत नाही तर माजघरात होईल, हे त्याला फोनवर सांगावं लागलं. तो थोडा हिरमुसला. पाहुणे पहिल्यांदा बैठक बघणार, ही त्याची अडचण होती.

माजघर: शेड कशी ठरली

बिनखिडकीच्या खोलीला गडद रंग, हे ऐकून आजी तर सोडाच, रंगाऱ्यालाही पटेना. अंधाऱ्या खोलीला पांढरा द्यावा हा सर्वसाधारण नियम आहे आणि खिडकी असेल तिथे तो बरोबरही आहे. प्रत्येक शेड किती प्रकाश परत फेकते याचा ० ते १०० असा मापदंड असतो. पांढरट शेड ८० च्या आसपास असतात, गडद बेज साधारण त्याच्या निम्मा प्रकाश परत देतो. खिडकीचा उजेड खोलीभर खेळवायचा तर हा फरक फार मोठा. पण माजघरात खेळवायला उजेडच नव्हता. पांढऱ्या भिंती तिथे राखाडी दिसायच्या, आणि एकुलत्या एका ट्यूबच्या प्रकाशात डोळे दिपून कोपरे मात्र काळे राहायचे. अशी खोली दिव्यांवरच जगते. मग रंग दिव्यांना साजेसा निवडावा हे बरं.

शेड निवडताना तीन गोष्टी आड आल्या. पहिली फरशी. शहाबादी फरशीत निळसर राखाडी छटा असते. बेज हा पिवळा, तांबडा आणि काळा ऑक्साइड पांढऱ्या बेसमध्ये घालून बनतो. तांबडा थोडा जास्त पडला की रंग गुलाबीकडे झुकतो, काळा जास्त पडला तर हिरवट दिसायला लागतो. नातवाने निवडलेली शेड दुकानात सुरेख दिसत होती. शहाबादीवर ठेवताच ती गुलाबी पडली. वहिनी लगेच म्हणाल्या, "हा कवळीच्या हिरडीसारखा दिसतोय." त्यानंतर ती शेड कुणीच पुन्हा काढली नाही. पिवळ्याकडे किंचित झुकणारी शेड फरशीशी जुळली.

दुसरी गोष्ट दिवे. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. माजघरातली ट्यूब ६५०० केल्विनची, निळसर पांढरी. तिच्या प्रकाशात गडद बेजचा राखाडी चिखल होतो. ३००० केल्विनच्या दिव्यात तोच रंग मऊ, सागवानाच्या जातीचा दिसतो. नमुने म्हणून दोन फूट बाय तीन फुटांचे पुठ्ठे दोन हात देऊन रंगवले आणि ते भिंतीभिंतीला फिरवले. जुन्या भिंतीवर हातभर पट्टे ओढून काही कळत नाही, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठ्याच्या मागे पांढरा कागद धरला की मूळ छटा उघडी पडते. ओला इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग) फिका दिसतो, वाळला की गडद होतो, म्हणून पुठ्ठे रात्रभर वाळवून मगच पाहिले.

तिसरी गोष्ट आजींचे डोळे. त्या माजघरात देवघरासमोर बसून रोज पोथी वाचतात. वयाबरोबर डोळ्याला जास्त प्रकाश लागतो, आणि गडद भिंती खोलीतला प्रकाश कमी करतात. नवे दिवे लावायला आप्पा आधी तयार नव्हते, "एक ट्यूब पुरते की" असं त्यांचं म्हणणं. पण दिवे वाढवणं ही अट असेल तरच हा रंग, असं मी स्पष्ट सांगितलं. भिंतींवर पिवळसर, उबदार प्रकाशाचे चार दिवे आणि आजींच्या पाटाशेजारी वाचायचा स्वतंत्र दिवा, ४००० केल्विनचा, म्हणजे अक्षरं पिवळी पडत नाहीत.

एकच भिंत गडद करावी आणि बाकीच्या क्रीम, हाही मुद्दा निघाला होता. माजघराच्या भिंतींत कुठे दारं आहेत, कुठे फडताळं आहेत, एक भिंत तर खांबांनी तुटलेली. एकटी गडद भिंत तिथे ठिगळ दिसली असती. चारही भिंती एकाच रंगात घेतल्या आणि तक्तपोशीच्या फळ्या मात्र उजळ ठेवल्या.

काम

माजघराच्या भिंतींवर जुना पिस्ता ऑईल पेंट होता. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, हा पेंट त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही, पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरनेच घासायचा, तोंडाला मास्क लावायचा, निघालेला गाळ पिशवीत बांधायचा आणि तोवर आजींचा मुक्काम स्वयंपाकघरात, असं ठरलं. रंगारी आधी कुरकुरला, मग त्याने इमानेइतबारे केलं.

शेड बिनचमकीच्या, धुता येण्याजोग्या इमल्शनमध्ये घेतली. जुन्या भिंती सपाट नसतात, चमक असली की प्रत्येक उंचवटा आणि रोलरचा प्रत्येक जोड दिसतो, आणि गडद रंगात तर दुप्पट. सगळा रंग एकदम आणून एका मोठ्या पिंपात एकत्र ढवळला, म्हणजे डब्याडब्यात फरक पडत नाही. उरलेला अर्धा डबा झाकण घट्ट लावून ठेवायला सांगितला. गडद शेडवर ठिगळ मारायची वेळ आलीच तर तोच रंग हाताशी असलेला बरा. खांब आणि चौकटींवरचं जुनं पॉलिश उतरवून जवसाच्या तेलाचा हात दिला. सागवान आणि भिंत एकमेकांजवळ आल्यावर खोलीला जे रूप आलं, त्याने रंगारीही गप्प झाला.

लग्नासाठी बैठकीत चुनाच दिला, फक्त त्यात पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू घालून. चुन्याचं वागणं इमल्शनच्या उलट: ओला गडद, वाळला की बराच फिका. शिवाय त्यात रंग एका मर्यादेपलीकडे मावत नाही, जास्त घातला तर भिंतीला टेकलं की कपड्याला पूड लागते. म्हणून माजघराइतका गडद बेज चुन्यात मिळत नाही. मिळाला तो त्याच जातीचा फिका, गव्हाळ रंग. दाराच्या चौकटीतून माजघर दिसतं तेव्हा दोन्ही रंग एकाच घरचे वाटतात. आजींना हवं होतं ते उजळपण पुढच्या खोलीला आलं, आणि नातवाचाही हट्ट बराचसा पुरा झाला.

फेब्रुवारीत सिमेंटचा गिलावा डागाच्या वर आणखी फूटभर उतरवला. पन्हळीचा पाइप पुढे गटारापर्यंत नेला, बोळातलं काँक्रीट भिंतीलगत फोडून उतार बाहेरच्या बाजूला काढला. विटा एप्रिलअखेरपर्यंत उघड्या. या काळात क्षार कोरड्या ब्रशनेच झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, नाहीतर ते विरघळून परत आत शिरतात. मग चुना, वाळू आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा. सांगलीच्या मे महिन्यात तो फार लवकर सुकून भेगा पडतात, म्हणून ओल्या गोणपाटाने झाकून ठेवला. हे काम येणारा मिस्त्री शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी मिरजेच्या बाजूचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले, ज्यांनी चुन्याचं काम हयातभर केलं होतं.

काय झालं

पुढच्या पावसाळ्यात बैठकीच्या भिंतीवर खालच्या वीतभर भागात थोडे क्षार फुटले. हे अपेक्षितच होतं, चुन्याचा गिलावा भिंतीतले क्षार स्वतःवर ओढून घेतो. वहिनींनी ते झाडून काढले आणि दसऱ्याला चुन्याचा एक हात दिला. फुगवटा नाही, पापुद्रा नाही, कमरेएवढा डाग परत आला नाही. नातवाने मात्र आल्या आल्या विचारलं, आता भिंत वाळलीये तर बैठकीतही गडद इमल्शन देऊ का. सगळे क्षार बाहेर पडेपर्यंत तरी नाही, हे माझं उत्तर आजही तेच आहे.

माजघर आता घरातली सगळ्यात वापरातली खोली आहे. आधी जिथे फक्त ये-जा असायची तिथे लोक बसतात. पण दोन दारांच्या कडांना हात घासून रंग गुळगुळीत, चमकदार झालाय. बिनचमकीच्या गडद रंगाचा हा दोष धुऊन जात नाही.

माडीवरची खोली हा या प्रकरणातला दुबळा भाग. नातवाने तिथे माजघराचीच शेड लावून घेतली. पश्चिमेचं ऊन, पिवळ्याकडे झुकणारी शेड आणि पिवळसर दिवे असे तिन्ही एकत्र आल्यावर संध्याकाळी खोली हळदीच्या पोत्यासारखी दिसू लागली. दिवे बदलून ४००० केल्विनचे केले आणि खिडकीला राखाडी पडदे लावले, तेव्हा ती शांत झाली. तिथे त्याच रंगाची किंचित राखाडी, फिकी शेड घेतली असती तर पडद्यांचा खर्च वाचला असता.

पुन्हा असं काम आलं तर

दिवे आधी, रंग नंतर. माजघरात दिवे शेवटी बसले आणि तोवर सगळे अंदाजावर बोलत होते. तात्पुरते होल्डर लटकवून हवे ते बल्ब लावले असते तर शेडवरची निम्मी चर्चा झालीच नसती.

दाराच्या कडा आणि हात लागणाऱ्या जागांवर त्याच शेडचं थोडं चमकीचं, घट्ट इमल्शन द्यावं. नाहीतर कमरेच्या उंचीची बारीक सागवानी पट्टी तरी मारावी.

बोळाचं काम पावसाळा सुरू असतानाच पाहायला हवं. भर पावसात पाच मिनिटं बोळात उभं राहिलं तर पाणी कुठून येतंय ते कळतं, ऑक्टोबरात तेच शोधायला प्लॅस्टिक लावून दोन दिवस वाट बघावी लागते. या घरात अजून एक पाइप राहिला आहे, शेजाऱ्यांच्या गच्चीचा, तोही त्याच बोळात सुटतो. आप्पांनी त्यांच्याशी बोलणी केली आहेत, खर्च निम्मा-निम्मा करायचं ठरलंय आणि काम मृगाच्या आत उरकायचं आहे.